रॉड तोच, ऑपरेशन तेच. मग दादींचा स्क्रू सैल का झाला?

पहाटे वजूसाठी उठलेल्या दादी बाथरूमच्या ओल्या फरशीवर घसरतात. फार उंचावरून पडल्या असंही नाही, उभ्या होत्या आणि पडल्या. पण उठता येत नाही, पाय बाहेरच्या बाजूला वळलेला दिसतो. हॉस्पिटलमध्ये एक्स-रे निघतो आणि कळतं की खुब्याचं हाड मोडलंय. दोन दिवसांत ऑपरेशन होतं, रॉड आणि स्क्रू बसतो. नातेवाईक भेटायला येतात आणि घरात शुक्राची हवा असते.

मग दोन-तीन महिन्यांनी दादी म्हणतात, "पुन्हा दुखतंय गं." नवा एक्स-रे काढल्यावर दिसतं की स्क्रू आपल्या जागेवरून सरकलाय. आता घरात बोलणं सुरू होतं. डॉक्टर चुकले का? स्वस्तातला माल टाकला का? मुंबईला न्यायला हवं होतं का?

हे प्रश्न चुकीचे नाहीत. ऑपरेशनमध्ये चूक होऊ शकते, हे आपण पुढे पाहूच. पण एक प्रश्न बहुतेक घरांत विचारलाच जात नाही: ज्या हाडात तो स्क्रू बसवला, ते हाड कसं होतं? मजबूत भिंतीत आणि भुसा झालेल्या भिंतीत एकच खिळा वेगवेगळा बसतो, हे गवंड्याला सांगावं लागत नाही. हाडाचंही तसंच आहे. खुबा किंवा गुडघा बदलण्याचं ऑपरेशन आज आपल्या ओळखीच्या कितीतरी घरांत झालेलं असतं. म्हणून हा विषय जरा नीट समजून घेऊ.

हाड म्हणजे दगड नाही

आपल्याला वाटतं हाड एकदा तयार झालं की संपलं. खरं तर हाड आयुष्यभर मोडत आणि घडत असतं. शरीरात दोन प्रकारच्या पेशी हे काम करतात. एक पेशी जुनं हाड खरवडून काढतात, दुसऱ्या त्या जागी नवं हाड भरतात. हाडाच्या एखाद्या छोट्या तुकड्याची अशी दुरुस्ती पूर्ण व्हायला काही महिने लागतात.

तरुणपणी भरणं जास्त आणि खरवडणं कमी असतं. तिशीच्या आसपास हाडाचा साठा सगळ्यात जास्त असतो. त्यानंतर तो हळूहळू उतरतो. बायकांची पाळी बंद झाली की इस्ट्रोजेन हे संप्रेरक कमी होतं आणि खरवडणाऱ्या पेशींवरचा लगाम सुटतो. पाळी गेल्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत हाड सर्वांत वेगाने झिजतं. पुरुषांचंही झिजतं, फक्त वेग कमी असतो.

हाडाचे दोन भाग असतात. बाहेरून टणक साल आणि आतून जाळी. खुबा, मणके, मनगट, गुडघ्याची टोकं या ठिकाणी जाळीचा भाग जास्त असतो. निरोगी माणसाच्या हाडात ही जाळी दाट असते, उभ्या-आडव्या पट्ट्या एकमेकींना बांधून ठेवतात. घनता कमी झाली की पट्ट्या पातळ होतात, मग काही तुटतात आणि पोकळ्या मोठ्या होतात. बाहेरची सालही आतल्या बाजूने पातळ होत जाते. बाहेरून हाडाचा आकार तसाच दिसतो, म्हणून कुणाला काही कळत नाही. दुखतही नाही. कळतं ते हाड मोडल्यावरच.

घनता मोजण्यासाठी डेक्सा नावाची तपासणी असते. तिच्या अहवालात टी-स्कोर लिहिलेला असतो. जागतिक आरोग्य संघटनेने १९९४ मध्ये ठरवून दिलेल्या मापाप्रमाणे उणे १ किंवा त्याहून वर असेल तर ठीक. उणे १ ते उणे २.५ च्या मध्ये असेल तर घनता कमी होऊ लागली आहे. उणे २.५ किंवा त्याहून खाली असेल तर ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं ठिसूळ झाली आहेत.

धातू आणि हाड एकमेकांना धरतात कसे?

याची गोष्ट स्वीडनमध्ये सुरू होते. १९५० च्या दशकात पेर-इंग्वार ब्रोनेमार्क नावाचे संशोधक हाडातला रक्तप्रवाह पाहण्यासाठी सशांच्या पायात टायटॅनियमची छोटी नळी बसवत होते. प्रयोग संपल्यावर नळ्या काढायला गेले, तर त्या निघेनात. हाड टायटॅनियमला इतकं घट्ट चिकटून वाढलं होतं की दोघांमध्ये फटच उरली नव्हती. पुढे १९६५ मध्ये त्यांनी एका माणसाच्या जबड्यात टायटॅनियमचे स्क्रू बसवून त्यावर दात लावले. हाड आणि धातू यांच्या या थेट जोडणीला त्यांनी ऑसिओइंटिग्रेशन असं नाव दिलं. आज दातांचे इम्प्लांट आणि सिमेंटशिवाय बसवलेला खुबा याच तत्त्वावर चालतात.

ही पकड दोन टप्प्यांत येते.

पहिली पकड ऑपरेशनच्या टेबलावरच मिळते. सर्जन हाडातली जागा इम्प्लांटपेक्षा किंचित लहान कोरतात आणि इम्प्लांट ठोकून घट्ट बसवतात, किंवा स्क्रूचे आटे हाडात रुततात. सुतार लाकडात खुंटी ठोकतो तशीच ही पकड.

दुसरी पकड शरीर स्वतः तयार करतं. धातूच्या खडबडीत किंवा छिद्रं असलेल्या पृष्ठभागावर हाडाच्या पेशी येतात, नवं हाड घालतात आणि ते छिद्रांत शिरतं. याला आठवडे आणि महिने लागतात. मधल्या काळात एक नाजूक वेळ येते: ठोकताना दुखावलेलं जुनं हाड शरीर खरवडून काढत असतं आणि नवं अजून पुरतं आलेलं नसतं. म्हणून सुरुवातीचे काही आठवडे पकड वाढण्याऐवजी थोडी कमी होऊ शकते.

या काळात इम्प्लांट हलता कामा नये. किती? संशोधनात दिसलेली मर्यादा फार बारीक आहे. हालचाल साधारण ४० ते ५० मायक्रॉनच्या आत राहिली तर हाड धातूत शिरतं. ती १५० मायक्रॉनच्या वर गेली तर तिथे हाडाऐवजी मऊ, तंतुमय थर तयार होतो. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. म्हणजे पावलागणिक दोन केसांच्या जाडीएवढं हललं तरी हाड आणि धातूची दोस्ती जमत नाही. एकदा तो मऊ थर तयार झाला की इम्प्लांट सैलच राहतो आणि चालताना दुखतं.

घनता कमी असली की नेमकं काय बिघडतं?

पहिली गोष्ट, पकडायला जागाच कमी असते. स्क्रूचे आटे जाळीच्या पट्ट्यांना धरतात. पट्ट्या निम्म्या झाल्या असतील तर बरेच आटे पोकळीत राहतात. भुसभुशीत लाकडात स्क्रू फिरवला की तो गरगर फिरतो, घट्ट बसतच नाही, तसं. ठिसूळ हाडात स्क्रू बसवताना सर्जनच्या हाताला हे लगेच जाणवतं.

दुसरी गोष्ट, पहिली पकड कमी पडली की हालचाल वाढते आणि हालचाल वाढली की दुसरी पकड येत नाही. एक बिघाड दुसऱ्याला जन्म देतो.

तिसरी गोष्ट पेशींची. ठिसूळ हाडात खरवडणाऱ्या पेशी जोरात असतात आणि भरणाऱ्या मागे पडतात. वय, मधुमेह, ड जीवनसत्त्वाची कमतरता यांची भर पडली की नवं हाड आणखी सावकाश येतं.

चौथी गोष्ट, सिमेंटशिवायचा इम्प्लांट ठोकून बसवावा लागतो. पातळ सालीचं हाड तो मार सहन न होऊन टेबलावरच तडकू शकतं. कधी ती बारीक तड तेव्हा दिसत नाही आणि चालायला लागल्यावर मोठी होते.

मग ठिसूळ हाडात धातू जुळतच नाही का? जुळतो. फक्त उशीर होतो. फिनलंडमध्ये ३९ बायकांवर झालेला एक अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. सिमेंटशिवाय खुबा बदलल्यावर इम्प्लांट किती सरकतो, हे त्यात खास प्रकारच्या एक्स-रेने दोन वर्षं मोजलं. ज्यांची घनता कमी होती त्यांच्यात इम्प्लांट सुरुवातीला जास्त खाली बसला आणि हाडाशी जुळायला जास्त वेळ लागला. घरच्यांनी यातून घ्यायचा धडा असा, की ठिसूळ हाडाच्या पेशंटचे पहिले तीन महिने इतरांपेक्षा जास्त सांभाळायचे.

सिमेंटवाला की बिनसिमेंटचा?

हा प्रश्न हल्ली प्रत्येक घरात निघतो. "आम्ही बिनसिमेंटचा टाकला, लेटेस्ट आहे" असं कुणीतरी अभिमानाने सांगतं. म्हणून सिमेंटचा टाकला की लोकांना वाटतं आपल्याला जुनं दिलं.

हाडाचं सिमेंट म्हणजे इमारतीचं सिमेंट नव्हे. ते एक प्रकारचं ॲक्रिलिक आहे, दातांच्या कवळीत वापरतात त्याच जातीचं. इंग्लंडमधले सर्जन जॉन चार्नली यांनी १९६० च्या सुमारास खुबा बदलताना ते वापरायला सुरुवात केली आणि १९६२ मध्ये आजच्या धर्तीचा कृत्रिम खुबा बसवला. पावडर आणि द्रव मिसळून मऊ गोळा होतो, तो हाडाच्या पोकळीत भरतात, त्यात इम्प्लांट बसवतात आणि दहा-पंधरा मिनिटांत तो दगडासारखा होतो.

हे सिमेंट गोंदासारखं चिकटत नाही. ते मऊ असताना हाडाच्या जाळीत शिरतं आणि तिथेच घट्ट होतं. चिऱ्याच्या भिंतीत सांध्यांमध्ये मसाला भरून दगड अडकवून ठेवतात, तसं. म्हणूनच ठिसूळ हाडात त्याचा फायदा आहे. नवं हाड वाढायची वाट पाहावी लागत नाही, पकड पहिल्या दिवसापासून मिळते, आणि वजन एका जागी न पडता मोठ्या भागावर पसरतं. हातोड्याचे ठोकेही कमी लागतात.

वयस्कर माणसाचा खुबा मोडला आणि गोळा बदलायचा ठरला, तर ब्रिटनच्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचना सिमेंटवालाच वापरा असं सांगतात. वेगवेगळ्या देशांनी ठेवलेल्या ऑपरेशनच्या नोंदींतही दिसतं की वयस्कर माणसांत सिमेंटशिवायच्या इम्प्लांटभोवती हाड पुन्हा मोडण्याचं प्रमाण जास्त आहे. गुडघा बदलताना तर बहुतेक ठिकाणी सिमेंटच वापरतात.

सिमेंटची दुसरी बाजूही माहीत हवी. ते भरताना काही पेशंटचा रक्तदाब आणि ऑक्सिजन अचानक उतरतो. हृदय किंवा फुप्फुसाचा आजार असलेल्यांना हा धोका जास्त, म्हणून भूल देणाऱ्या डॉक्टरांना सगळे आजार आणि सगळ्या गोळ्या आधी सांगा. शिवाय पुढे कधी इम्प्लांट बदलायची वेळ आली तर आतलं सिमेंट काढणं किचकट काम आहे. तरुण, मजबूत हाडाच्या माणसात म्हणून बिनसिमेंटचा जास्त वापरतात.

निर्णय घेताना सर्जन मांडीच्या हाडाचा एक्स-रे पाहतात. मजबूत हाडात आतली पोकळी नरसाळ्यासारखी, वरून रुंद आणि खाली निमुळती असते. इम्प्लांट तिथे आपोआप अडकतो. ठिसूळ हाडात साल पातळ होऊन पोकळी धुराड्याच्या नळीसारखी सरळ आणि रुंद होते. तिथे अडकायला काही नसतं. अशा हाडात सिमेंटचा सल्ला दिला तर तो जुनाट सल्ला समजू नका.

मोडलेलं हाड जोडताना

दादींचं जे झालं ते गोळा बदलण्याचं नव्हतं, जोडण्याचं होतं. यात धातूने कायमचं भार पेलायचा नसतो, हाड जुळेपर्यंत धरून ठेवायचं असतं. हाड आधी जुळतं की स्क्रू आधी सैल होतो, अशी ती शर्यत असते.

ठिसूळ हाडासाठी यात बरेच उपाय आले आहेत. साध्या प्लेटमध्ये स्क्रू प्लेटला हाडावर दाबून धरतो, म्हणजे सगळी भिस्त हाडावर. लॉकिंग प्लेटमध्ये स्क्रूच्या डोक्यालाही आटे असतात आणि ते प्लेटमध्येच घट्ट बसतात. सगळे स्क्रू आणि प्लेट मिळून एक सांगाडा होतो, त्यामुळे एकेक स्क्रू सुटून येत नाही. मांडीच्या हाडात आतून जाणारा रॉड भार वाटून घेतो. काही वेळा स्क्रूच्या टोकाभोवती थोडं सिमेंट भरून पकड वाढवतात. मणक्याच्या ऑपरेशनमध्येही असं करतात.

आणि इथेच सर्जनच्या कसबाचा भाग येतो. खुब्यात बसवलेल्या स्क्रूचं टोक गोळ्याच्या मध्यात आणि पुरेसं खोल असावं लागतं. समोरून आणि बाजूने काढलेल्या दोन एक्स-रेमध्ये टोकापासून गोळ्याच्या माथ्यापर्यंतचं अंतर मोजून बेरीज करतात. ती २५ मिलिमीटरच्या आत असेल तर स्क्रू गोळा फाडून बाहेर येण्याचा धोका बराच कमी होतो, हे १९९५ पासून माहीत आहे. म्हणजे हाड ठिसूळ असेल तर सर्जनला चुकीसाठी जागाच कमी उरते. मजबूत हाड थोडी चूक माफ करतं, ठिसूळ हाड करत नाही.

महाग इम्प्लांट म्हणजे पक्की पकड?

दागिने मोडून जास्त किमतीचा इम्प्लांट घेणारी घरं आपण पाहिली आहेत. म्हणून हे स्पष्ट सांगायला हवं.

धातूची ताकद सहसा कमी पडत नाही, हाडाची पडते. उलट धातू फार ताठ असला तरी अडचण होते. ताठपणा गिगापास्कल या एककात मोजतात. हाडाच्या टणक सालीचा ताठपणा साधारण १५ ते २०, टायटॅनियमच्या मिश्रधातूचा ११० च्या आसपास, तर स्टील आणि कोबाल्ट-क्रोमचा २०० च्या घरात. शेजारी इतका ताठ सोबती आला की सगळा भार तोच उचलतो आणि हाडाला काम उरत नाही. ज्या हाडावर भार पडत नाही ते शरीर काढून टाकतं. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची हाडं झिजतात ती याच कारणाने. इम्प्लांटभोवतीही असं होतं, आणि मुळात साठा कमी असेल तर हे नुकसान जास्त जाणवतं.

यावर उपाय म्हणून छिद्रांचे पृष्ठभाग आले. साधारण १०० ते ४०० मायक्रॉनची छिद्रं हाडाला शिरायला सोयीची असतात. हायड्रॉक्सीॲपेटाइटचा लेप १९८० च्या दशकापासून वापरात आहे. हाडात जे कॅल्शियमचं खनिज असतं त्याच जातीचा तो लेप, त्यामुळे पेशी त्याला लवकर आपलं मानतात. या गोष्टी खरोखर मदत करतात. पण लेप हाडाला बोलावू शकतो, हाड तयार करून देऊ शकत नाही. ते शरीरालाच करायचं असतं.

किमतीबद्दल आणखी एक. गुडघ्याच्या इम्प्लांटच्या किमतीवर केंद्र सरकारने ऑगस्ट २०१७ मध्ये कमाल मर्यादा घातली आहे. बिलावर इम्प्लांटचं नाव, कंपनी, बॅच नंबर आणि किंमत वेगळी लिहून मागा, पाकिटावरचा स्टिकर फाइलला लावून घ्या. पुढे कधी काही अडलं तर तोच कागद कामाला येतो.

ऑपरेशनच्या आधी काय विचारायचं?

खुबा किंवा गुडघा झिजल्यामुळे ठरवून बदलायचा असेल तर हातात काही आठवडे असतात. ते वाया घालवू नका. सर्जनला सरळ विचारा: "अम्मीची हाडांची घनता तपासायची का? ड जीवनसत्त्व किती आहे? तुम्ही सिमेंटचा वापरणार की बिनसिमेंटचा, आणि का? ऑपरेशननंतर वजन कधीपासून टाकायचं?" दम्यासाठी किंवा सांध्यांसाठी बरीच वर्षं स्टिरॉइड घेतलं असेल तर ते नक्की सांगा, कारण त्याने हाड झिजतं. डेक्सा करताना कमरेसोबत खुब्याचीही करून घ्या. वयस्कर माणसाच्या मणक्यांत झीज होऊन हाडाचे काटे वाढलेले असतात, त्यामुळे कमरेचा आकडा खरा आहे त्यापेक्षा चांगला दिसतो.

हाड मोडलं असेल तर मात्र तपासणीसाठी ऑपरेशन थांबवू नका. खुब्याचं ऑपरेशन शक्यतो एक-दोन दिवसांत व्हावं. आणि उभ्या उंचीवरून पडून वयस्कर माणसाचा खुबा मोडला, तर हाड ठिसूळ आहे हे जवळपास सिद्धच झालं. मशीनच्या आकड्याची वाट पाहायची गरज नाही.

ऑपरेशन झालं, पण आजार तसाच राहिला

आपल्याकडे सगळ्यात मोठी चूक इथे होते. टाके निघाले, दादी वॉकर घेऊन चालू लागल्या, फाइल कपाटात गेली. मोडलेलं हाड जोडलं, पण ज्या आजारामुळे ते मोडलं त्याचं औषध सुरूच झालं नाही. मग वर्षा-दोन वर्षांत दुसरा खुबा नाहीतर मणका.

घरच्यांना एक भीती असते: हाडाची गोळी घेतली तर मोडलेलं जुळणार नाही. खुबा मोडलेल्या दोन हजारांहून जास्त पेशंटवर एक मोठा अभ्यास झाला आणि तो २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. ऑपरेशननंतर ९० दिवसांच्या आत झोलेड्रॉनिक ॲसिडचं वर्षातून एकदा घ्यायचं इंजेक्शन त्यात दिलं होतं. इंजेक्शन घेतलेल्यांत नवीन हाड मोडण्याचं प्रमाण ३५ टक्क्यांनी आणि मृत्यूचं प्रमाण २८ टक्क्यांनी कमी झालं. हे इंजेक्शन देण्याआधी ड जीवनसत्त्वाची कमतरता भरून काढावी लागते आणि किडनी तपासावी लागते.

आठवड्यातून एकदा घ्यायची ॲलेंड्रोनेटची गोळीही असते. ती पूर्ण उपाशीपोटी, भरपूर साध्या पाण्यासोबत घ्यायची आणि पुढचा अर्धा तास काही खायचं नाही, आडवंही व्हायचं नाही. नाहीतर अन्ननलिकेला इजा होते. रमजानमध्ये ही गोळी कशी बसवायची, हे आधीच डॉक्टरांना विचारून ठेवा. बरेच जण सेहरीच्या अर्धा तास आधी उठून घेतात. ते जमत नसेल तर वर्षाच्या इंजेक्शनबद्दल विचारा. गोळी गुपचूप बंद करू नका.

हाड भरणाऱ्या पेशींना चालना देणारं टेरिपॅराटाइड नावाचं रोजचं इंजेक्शनही आहे. ते महाग आहे आणि गंभीर पेशंटना देतात. सहा महिन्यांनी घ्यायचं डेनोसुमॅब असेल तर तारीख चुकवू नका. ते मध्येच बंद केलं तर हाड झपाट्याने झिजून मणके मोडू शकतात. ही औषधं सुरू करण्याआधी दात दाखवून घ्या, कारण क्वचित जबड्याच्या हाडाला त्रास होतो. वर्षानुवर्षं घेतली तर मांडीचं हाड वेगळ्या पद्धतीने मोडण्याचा दुर्मीळ धोकाही असतो. म्हणून किती वर्षं घ्यायची हे डॉक्टरच ठरवतील.

घरात करायच्या गोष्टी

पायाचा रस्सा हाडं मजबूत करतो, असं आपण लहानपणापासून ऐकतो. चव उत्तमच, पण उकळलेल्या हाडातून रश्शात कॅल्शियम फार थोडं उतरतं. त्यापेक्षा दूध, दही, नाचणीची भाकरी, तीळ, आणि काट्यांसकट खाल्ली जाणारी बारीक मासळी यांतून जास्त मिळतं. पाळी गेलेल्या बाईला दिवसाला सुमारे १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं. एक मोठा पेला दूध त्यातलं साधारण ३०० देतं.

ड जीवनसत्त्व उन्हातून मिळतं, तरी भारतात शहरांत आणि गावांत, पुरुष आणि बायका सगळ्यांतच त्याची कमतरता सर्रास आढळते. आपल्या घरातल्या वयस्कर बायका दिवसभर घरातच असतात. गच्चीवर किंवा मागच्या अंगणात आडोसा करून हातापायांना ऊन मिळेल अशी सोय करा आणि रक्त तपासून डॉक्टर सांगतील तेवढ्याच गोळ्या द्या. जास्त डोसही घातक असतो.

तंबाखू सोडा. सिगारेट आणि गुटख्याबद्दल आपण बोलतो, पण कोकणातल्या कितीतरी आजी-खाला सकाळी दाताला मिश्री लावतात. तीही भाजलेला तंबाखूच. निकोटिन रक्तपुरवठा आवळतं आणि हाड जुळायला उशीर करतं. ऑपरेशन ठरलं असेल तर हे आजच थांबवायचं. साखरही ताब्यात हवी.

वजन कधी टाकायचं, याबाबत दोन टोकाच्या चुका होतात. कुणी मायेपोटी महिनाभर पलंगावरून उठूच देत नाही, त्याने हाड आणखी झिजतं. कुणी आठवड्यात जिने चढवतं. सर्जनने सांगितलं तेवढंच, वॉकरसकट. खाली बसणं, मांडी घालणं, सजदा, हे कधी सुरू करायचं ते स्पष्ट विचारून घ्या, तोपर्यंत खुर्चीवर नमाज.

पडणं टाळा. बाथरूममध्ये धरायला दांडा, खरखरीत फरशी किंवा रबरी मॅट, रात्रभर जळणारा छोटा दिवा, दुमडलेल्या चटया उचलणं, चष्म्याचा नंबर तपासणं. या सगळ्याचा खर्च एका स्क्रूपेक्षा कमी आहे.

केव्हा लगेच दाखवायचं?

बसून उठल्यावर पहिल्या काही पावलांना मांडीत किंवा जांघेत कळ येते आणि चालल्यावर कमी होते, हे इम्प्लांट सैल झाल्याचं ठरलेलं लक्षण आहे. पाय आखूड वाटू लागला, नव्याने लंगडणं आलं, आतून आवाज येतो, किंवा बरं वाटत असताना अचानक दुखणं वाढलं, तर एक्स-रे काढा. ताप, जखमेतून पाणी, लालसरपणा असेल तर त्याच दिवशी जा, कारण जंतुसंसर्गानेही इम्प्लांट सैल होतो आणि त्याचा इलाज वेगळा असतो.

दादींचा स्क्रू सैल झाला म्हणजे सगळं संपलं असं नाही. पुष्कळदा असा स्क्रू काढून गोळा बदलता येतो आणि माणूस पुन्हा चालतो. पण दुसरं ऑपरेशन वयस्कर शरीराला जड जातं आणि घराच्या खिशालाही. म्हणून घरात पासष्टीच्या पुढची बाई असेल, पाळी लवकर गेलेली अम्मी असेल, किंवा किरकोळ पडण्याने मनगट मोडून गेलेलं असेल, तर या महिन्यातच डॉक्टरांना घनतेबद्दल विचारा. आणि वीस वर्षांच्या मुलीला दूध-दही, ऊन आणि खेळ या तिन्हींसाठी वेळ द्या. तिच्या हाडाचा साठा आत्ता भरला जातोय.